टपावरचे दिवे

दाजी, अक्का म्हणते, टपावरचे दिवे उतरव.

तुमचा तेरावा उरकला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि गाडी कळस गावी तुमच्या दारात कडुलिंबाखाली उभी आहे. काचेवर पाला पडलाय. इंदापूरकडचे एक डाळिंबवाले ती घ्यायला तयार झालेत. माणूस सरळ वाटला. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडून बघितलं आणि एवढंच म्हणाला, "ही दिवं वर नगं आपल्याला. खाली बंपरला बसवून द्या." अक्का उंबऱ्यातूनच म्हणाली, "देतो बसवून." माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

बारामतीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान माझं, मेहुणा तुमचा मी, आणि ते दिवे बसवले तेही मीच. त्यामुळं हे काम माझ्याच गळ्यात येणार हे उघड होतं. आणि खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं मी तुमच्या कानीकपाळी हेच ओरडत होतो. खाली घ्या, दाजी, खाली घ्या. आता खाली घ्यायची वेळ आली, तर पाना हातात घेऊन मी दोन दिवस नुसता गाडीभोवती फिरतोय. अक्काचा रागही आला. माणूस जाऊन किती दिवस झाले, आणि लगेच "देतो बसवून"?

मला अजून रडू आलेलं नाही, हे मीच तुम्हाला सांगून टाकतो. दवाखान्यात नाही, ओढ्याकाठी नाही, दहाव्याला कावळा शिवला तेव्हाही नाही. बायका माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या आणि मी चहाचे कप गोळा करत होतो. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो, हात लावला तरी आपला वाटत नाही, तसं सगळं चाललंय. जेवतो, झोपतो, दुकान उघडतो. परवा एका जीपचा हॉर्न दुरुस्त केला. गिऱ्हाईक गेलं आणि मला आठवेना की मी नक्की काय केलं.

तुम्ही गाडी घेतलीत तो दिवस मात्र स्वच्छ आठवतो. मेंढरं विकून झाली होती, थोडी बागायत धरली होती, आणि वांगी-टोमॅटो बाजारला न्यायला तुम्ही ही जुनी पिकअप आणलीत. आणलीत ती थेट माझ्या दुकानापुढं. खाली उतरायच्या आधीच हुकूम.

"पाव्हणं, हॅलोजन बसवायचेत. पिवळ्या काचेचं."

"बसवू की. बंपरला बसवतो."

"टपावर."

"टपावर कशाला? वरात काढायचीय का कुणाची?"

"तुजीच काढतो. तू बसव तर."

कंपनीचे दिवे मिणमिणते होते, जादा दिव्यांची गरज होती, त्यात वाद नाही. वाद जागेचा. वर टपाला भोक पाडायला तुम्ही तयार नव्हता, कारण पाऊस गळेल. मग वेल्डरकडून अँगलचं कॅरियर करून घेतलं. वायर दाराच्या कडेनं खाली आणली, रिले बसवली, फ्यूज दिला. स्विच कुठं हवा हे तुम्ही सीटवर बसून, डोळे मिटून, हात पुढं करून दाखवलंत. "हात जाईल तितं," म्हणालात. मी तितंच बसवला. त्या कामात तुम्ही एकही चूक काढू शकला नाहीत, म्हणून चहात साखर कमी आहे म्हणालात.

पण खरी गंमत कळसला झाली. दिव्याची मान ठरवायची म्हणजे आमच्या धंद्यात गाडी भिंतीसमोर उभी करतात, भिंतीवर खडूनं रेघ मारतात आणि उजेड त्या रेघेवर आणतात. मी खडू घेऊन आलो होतो. तुम्ही भिंतीकडं बघितलंही नाही. दिवेलागणीला गाडी काढलीत ती ज्वारी काढलेल्या रानात. डोक्याचा पांढरा पटका सोडून माझ्या डोक्यावर गुंडाळलात आणि म्हणालात, "चालत जा."

"कुठं?"

"म्होरं. मी थांब म्हणस्तोवर."

मी चालत गेलो. ढेकळांत पाय मुरगळत होता. मागं तुम्ही टपावर चढून दिव्याची मान वर-खाली करताय आणि ओरडताय, "जरा डावीकडं. ताठ ऱ्हा. मान पाडू नगंस." बांधावर अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. उजेड बरोबर माझ्या पटक्यावर आला तेव्हा तुम्ही बोल्ट आवळलेत. खाली माझे पाय मला दिसत नव्हते. मी परत येऊन पटका तुमच्या अंगावर टाकला आणि विचारलं, "मी वायरमन हाय का बुजगावणं?" तुम्ही म्हणालात, "बुजगावणं निदान गप तरी ऱ्हातं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते चालूच राहिलं. माझं म्हणणं सरळ होतं आणि आजही तेच आहे. दिवा खाली असला की खड्ड्याची सावली पडते, खड्डा कळतो. वरून उजेड टाकला की सगळा रस्ता सपाट दिसतो आणि चाक आपटल्यावरच खड्डा कळतो. शिवाय वरचा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. तुम्ही दर बाजाराच्या दिवशी दुकानात यायचात, "दिवं हललेत, बघ जरा," म्हणायचात. दिवे कधी हललेले नसायचे, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही जुन्या बॅटरीवर बसायचात, मी चहा सांगायचो, आणि आपण भांडायचो. गिऱ्हाइकंही बाजू घ्यायची. ट्रकवाले माझ्या बाजूनं, बैलगाडीवाले तुमच्या. माझं घर म्हणजे दुकानामागची एक खोली. तिथं माझ्याशी इतक्या मन लावून भांडणारं दुसरं कुणी नव्हतं. तुमच्या त्या येण्यानं माझा आठवडा उभा राहायचा, हे मी तुम्हाला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तुम्ही पुढच्या बाजारापर्यंत चेष्टा केली असती.

एकदाच तुम्ही कारण सांगितलंत. मी फारच तोंड सोडलं होतं त्या दिवशी. म्हणालो, मेंढरं विकून टाकली, आता पटका बघायचं खूळ कशाला? तुम्ही कप खाली ठेवलात.

"पाव्हणं, माजा थोरला भाऊ मेंढरांच्या म्होरं चालायचा. मी मागं. तिन्हीसांजंची येळ. समोरनं ट्रक आला. दिवं खाली. त्याला मेंढरं दिसली. माणूस चांगला हुता, मुकं जनावर मराय नगं म्हणून त्यानं गाडी वळवली. जितं वळवली तितं माजा भाऊ हुता."

मी हातातली पक्कड खाली ठेवली.

"एक मेंढरू मेलं न्हाय," तुम्ही म्हणालात. "म्हणून आदी माणूस दिसाय पायजे. मेंढक्या दिसला की त्याच्या पायाशी मेंढरं हायेतच. ती काय बघायची?"

मग तुम्ही वाकून कप उचललात आणि गार झालेला चहा पिऊन टाकलात. मला वाईट वाटलं, पण पटलं नाही. पुढच्या बाजाराला मी मधला मार्ग काढला. एक दिवा वर ठेवा, एक खाली घ्या. तुम्ही म्हणालात, "बैलजोडीतला एक बैल इकतो का कोण?"

तुमची चालवायची तऱ्हाही जगावेगळी. गावाच्या आतल्या रस्त्याला लागलात की खालचे दिवे बंद, वरचे चालू. मेंढरांच्या डोळ्यात उजेड गेला की ती रस्त्यातच गठ्ठा करून थांबतात, म्हणून खालचे बंद. समोरून ट्रक आला की त्याच्या डोळ्यात नको म्हणून वरचेही बंद. म्हणजे ट्रक जाईपर्यंत तुम्ही ठार अंधारात. एकदा भिगवणच्या बाजूला वरचे बंद करायला उशीर झाला, तर एका ट्रकवाल्यानं गाडी आडवी लावून तुम्हाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. तुम्ही खाली उतरून हात जोडलेत, "तुमचं बरोबर हाय," म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी तेच दिवे लावून कळंबला गेलात. हे तुम्हीच मला हसत हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही. त्या अंधाराच्या वेळेची मला धास्ती होती. उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागं साधा लाल कागद नाही, आणि तुम्ही डोळे मिटल्यासारखे चाललाय. मी तोंडावर म्हणायचो, "दाजी, ह्या दिव्यांपायी तुमी एक दिवस जाणार."

आणि तुम्ही गेलात भर दुपारी, गाडी उभी असताना, सगळे दिवे बंद असताना. वांग्याचे क्रेट भरताना बसलात, अक्काला म्हणालात पित्त झालंय, जरा सोडा दे. शेजारच्यांनी तुमच्याच गाडीत घालून बारामतीला आणलं. माझ्या दुकानासमोरच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली, "कळसचा फोन हाय." फोन उचलेपर्यंत मी मनात रस्ता बघत होतो, कुठलं वळण, कुठली ट्रॉली. पलीकडून सांगत होते छातीत दुखतंय, आणि मी विचारत होतो, "गाडी कशाला धडकली?" इतकी वर्षं मी भलत्याच मरणाची तयारी करून बसलो होतो. खरं आलं तेव्हा त्याच्यासाठी माझ्याजवळ काहीच नव्हतं.

दवाखान्यातून तुम्हाला घेऊन निघालो तेव्हा दिवस कलला होता. अक्काला जीपमधून पुढं पाठवलं. गाडी मी चालवत होतो. मागं तुम्ही, आणि तुमच्याजवळ भावकीतले दोघं बसलेले. अंथुर्णं गाव मागं टाकून कळसच्या रस्त्याला लागलो आणि अंधारून आलं. दिवे लावायला हात पुढं केला तो थेट तुमच्या स्विचवर गेला. हात जाईल तिथंच बसवला होता ना. टपावरचे लागले. खालचे लावायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

आधी बाभळीच्या फांद्या दिसल्या. रस्ता नेहमीसारखा सपाट, खड्डे आपटत होते, आणि मला वाटलं, बघा, मी सांगत नव्हतो? मग उजेडात एक पांढरा पटका आला. नुसता पटका. त्याखाली माणूस, त्याच्या खांद्यावर काठी, आणि गाडी थांबल्यावर कळलं की सगळा रस्ता मेंढरांनी भरलाय.

तो बाजूला झाला नाही. मेंढरं हाकलली नाहीत, घाई केली नाही. लांबूनच म्हणाला, "मारुतराव, राम राम." दाराजवळ आला आणि मला बघून थबकला.

"आज तुमी? मालक कुठं हायेत?"

"मागं हायेत," मी म्हणालो.

तो मागं गेला. चाकावर पाय देऊन आत बघितलं. भावकीतल्या एकानं त्याला काहीतरी सांगितलं. मग त्यानं अंगावरची घोंगडी काढली आणि तुमच्यावर पसरली. थंडीचे दिवस, अंगात नुसती बंडी. मी उतरून म्हणालो, "आवो, थंडी बाधंल तुमाला."

"ह्यांची गाडी आली की आमी कदी रस्ता सोडला न्हाय," तो म्हणाला. "लांबनं पिवळं दिवं दिसलं की कळायचं, मारुतराव हायेत. ऱ्हाऊ द्या, मेंढरं जातील, मग जावा."

मेंढरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी गेली. गाडीला घासत गेली, त्यांच्या लोकरीचा वास आत आला. शेवटचं कोकरू त्यानं काखेत घेतलं आणि तो त्यांच्यामागं अंधारात गेला. ती घोंगडी तुमच्याबरोबरच दिली.

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. "बघितलंस न्हवं?" म्हणाल. दाजी, मी हार मानलेली नाही. खालचे दिवे लावले असते तरी तो मला दिसलाच असता. आधी काय दिसलं असतं, तेवढं मला सांगता येत नाही.

हे सगळं डोक्यात असताना अक्का म्हणते, दिवे उतरव. काल दुपारी मी बोलून गेलो. ती धान्य निवडत बसली होती.

"अक्का, त्यांनी कशासाठी वर बसवले हुते ते तुला ठावं हाय न्हवं? तुला त्याचं कायच न्हाय का?"

तिनं सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"ठावं हाय. म्हणून तर म्हणती. आरं, ती दिवं बघून मेंढकं रस्त्यात निवांत उबं ऱ्हात्यात. त्यांना वाटतं ह्येच हायेत. आता आत दुसराच असंल. त्यो काय थांबणार हाय?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"वरच्या दिव्यानं गाडी गेली आन् कुणी मेंढक्या भरवशानं उबा ऱ्हायला तर?" ती म्हणाली. "तुज्या दाजीला चालंल का त्ये?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्या दिव्यांच्या वायरचा रंगन् रंग मला पाठ आहे, पण त्या पिवळ्या उजेडाला बघून लांब अंधारात कोण काय करत असेल, हे मी कधी बघितलं नव्हतं. अक्कानं सगळा संसार तुमच्याबरोबर केला, तिला ते दिसलं. पुन्हा सूप घेऊन ती खडे काढायला लागली. तिचे डोळे कोरडे होते आणि हात न थांबता चालले होते. माझा राग गेला. दुसरं काही आलं नाही, पण राग गेला.

आज सकाळी टपावर चढलो. बोल्ट गंजून जाम झाले होते, रॉकेल टाकून वाट बघत बसावं लागलं. वरून तुमचं सगळं रान दिसतं, ओढ्यापर्यंत. वांग्याला पाणी द्यायला झालंय. दिवे उतरवले, काचा पुसल्या, बंपरला पट्ट्या मारल्या, वायर आखूड करून खाली घेतली. कॅरियर काढून गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवलं. या वेळी भिंतीवर खडूनं रेघ मारली, उजेड रेघेवर आणला, बोल्ट आवळले. काम चांगलं झालंय, दाजी. माझ्या मनासारखं झालंय. मी हात पुसत उगाच थांबून राहिलो. कुणीतरी नावं ठेवेल, साखर कमी आहे म्हणेल. अक्कानं चहा आणून दिला आणि ती आत गेली.

डाळिंबवाले दिवस मावळायच्या बेताला आले. दिवे लावून बघितले. "झकास," म्हणाले. मी त्यांना सगळं सांगणार होतो, तुमच्या थोरल्या भावाचं, पटक्याचं. तोंड उघडलं आणि एवढंच निघालं, "ह्या रस्त्याला मेंढरं असत्यात. जपून जावा."

"व्हय, जातो की," ते म्हणाले. अक्कानं चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं, आणि गाडी निघाली.

आम्ही दोघं दारात उभे होतो. गाडी ओढ्याचा उतार उतरली, पलीकडं चढली. तिकडून एक कळप मुक्कामाला निघाला होता. पुढं मेंढक्या, मागं धूळ. गाडीचे दिवे त्याच्या गुडघ्यांवर पडले. त्यानं मान वर करून गाडीकडं बघितलं, आणि "हुर्र, हुर्र" करत, काठी आडवी धरून, सगळी मेंढरं रस्त्याखाली रानात उतरवली. गाडी जाईपर्यंत तोही खाली उतरून उभा राहिला.

असंच व्हायला हवं होतं. अक्कानं ते करून घेतलं. तुम्ही गेलात हे मला तेव्हा कळलं, दाजी.